गाडीखालचा अबोला

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. ती म्हण मला कुणी ऐकवू नये. आमच्या ह्यांनी आयुष्यभर कवळ्या केल्या आणि त्याच्यावर आमच्या घरातली तीन तोंडं व्यवस्थित भरली. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू ह्यांच्या हातचं आहे. समोरून माणूस आला की ह्यांना त्याचं नाव आठवत नाही, चेहरा आठवत नाही, पण तो हसला रे हसला की हे विचारणार, "खालची कशी आहे तुमची? टोचत नाही ना?" बँकेत विचारतात, भाजी घेताना विचारतात. एकदा मयताला गेलो होतो, तिथेसुद्धा विचारलं. मी कोपरानं ढोसलं तेव्हा गप्प बसले.

ह्यांची कामाची खोली स्वयंपाकघराच्या मागे. फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, मेणाचा वास, आणि त्यात हे डोळ्याला भिंग लावून एकेक दाढ तासत बसलेले. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. मी लोकांच्या पँटी लांडी करते, कमरा सैल करते, आणि ज्यांच्या कमरा सैल करते त्यांना गोड खाणं कमी करा असं सांगून दोन शिव्याही खाते. ह्यांची खोली मागे, माझी पुढे, आणि मधल्या खोलीत ताई.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत तिनं निवृत्त होईपर्यंत लिफ्ट चालवली. ह्यांची बहीण, म्हणून हे तिला अगंतुगं करतात. मी वहिनी असले तरी धाकटी, म्हणून मी तोंडावर अहोजाहो करते. ताईचं तत्त्व एकच. "आत आलेल्या माणसाला कितवा मजला विचारायचा, तिथे नेऊन सोडायचं. कशाला चाललात, हे आपण विचारायचं नाही." घरातही तिचं तसंच आहे. सांगितलं की करून मोकळी होते. मला ती फार आवडते, हेही सांगून टाकते, कारण पुढे तिच्या हातून जे झालं ते वाचून तुम्ही तिला नावं ठेवाल.

आता ह्यांचा स्वभाव. कवळीत केसाएवढी फट राहिली तर ह्यांना रात्रभर झोप येत नाही. आणि घरातल्या खिडकीला बोटभर फट आहे, तिला वर्तमानपत्राची घडी कोंबलेली आहे, आणि ती घडी इतकी जुनी की तिच्यावरच्या जाहिरातीतलं दुकानसुद्धा बंद पडलंय. नळाला दोरी बांधलेली. दिवा बदलायचा तर खुर्चीवर स्टूल आणि स्टुलावर हे. मी ओरडले की वरून उत्तर येतं, "होतंय गं." हे दोन शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले. सांगून सांगून माझ्या दाताच्या कण्या झाल्या, आणि त्यासुद्धा ह्यांनीच फुकटात भरून दिल्या असत्या.

तर एका दुपारी आमची उंच, थोराड, शहाणी गाडी घेऊन हे बाहेर गेले आणि लाल रंगाचं काहीतरी घेऊन आले. मी दारात जाऊन बघितलं.

"बाकीची कुठंय?" मी विचारलं.

"एवढीच असते ती," हे म्हणाले. "स्पोर्ट्स कार आहे."

इतकी बुटकी की शेजारचं मांजर तिच्याखालून जाताना अंग चोरून जायचं. ह्यांच्या कामाच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला, असल्याच एका गाडीचं चित्र आमच्या लग्नाच्या आधीपासून चिकटवलेलं होतं. मला वाटायचं, असतो एकेकाला छंद. ह्यांच्याकडे कवळी करून घेणाऱ्या एका डॉक्टरांना गुडघ्यांमुळे ती गाडी झेपेना, आणि ह्यांनी आमची गाडी विकून ती घेतली. मला न विचारता! पहिल्याच फेरीला मला दोऱ्याच्या दुकानात नेलं. बसताना बसले, म्हणजे जमिनीवर बसतात तशी. उतरताना पाय बाहेर आले, मी आले नाही. शेवटी दोन्ही हात फुटपाथवर टेकून रांगत बाहेर आले, आणि दुकानातली झाडून सगळी गिऱ्हाइकं काचेतून बघत होती. घरी आल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "एवढी लाडकी आहे ना, मग तिच्याखालीच जाऊन संसार करा!" आणि अबोला धरला.

आमच्या घरातल्या अबोल्याला नियम आहेत. एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही, जे काय असेल ते ताईमार्फत. तिघं एका टेबलावर बसलेले असलो तरी. "ताई, तिला सांग, मीठ कमी आहे." "ताई, त्यांना सांगा, मीठ समोर आहे आणि देवानं हात दिलेत." ताई सगळं शब्दाला शब्द पोचवते, वर सूरही तोच लावते. जो आधी बोलेल तो हरला, आणि हरलेल्यानं दुसऱ्याची एक गोष्ट निमूट ऐकायची. मी एकदाही हरलेली नव्हते. ह्यावेळी काय मागायचं तेही ठरवून ठेवलं होतं, ते म्हणजे गाडी परत.

पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. उंच गाडी त्याच्यावरून उडी मारून जाते, ही लाल बया पोटावर घसरत गेली. इंजिनाच्या खाली प्लॅस्टिकचं एक आवरण असतं, त्याचे पुढचे स्क्रू निघाले आणि ते लोंबायला लागलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं फोनवर बजावलं की गाडी हलवू नका, माझ्याकडे चपटा जॅक आहे, दोन दिवसांनी मी येतो. दोन दिवस थांबतील तर ते आमचे हे कसले?

रविवारी सकाळी मी मशीनवर बसले होते. खिडकीतून फाटकाजवळची सिमेंटची सपाट जागा दिसते, तिथे गाडी उभी. हे जुन्या गाडीचा लांब दांड्याचा जॅक घेऊन आले. तो तिच्याखाली जाईना. हे जमिनीला गाल लावून बघतायत, जॅक तिरका करतायत, पुन्हा बघतायत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी एका पँटीची शिवण उगाचच दोनदा मारली.

मग थोडा वेळ हे दिसेनासे झाले, आणि माझ्या मागच्या बाजूला खडखड झाली. बघते तर माझ्या कापडं कापायच्या टेबलाच्या दोन्ही फळ्या ह्यांच्या काखेत! पुढच्या चाकांसमोर फळ्या ठेवल्या, गाडी हळूच त्यांच्यावर चढवली, आणि तेवढ्या उंचीनं जॅक आत सरकला. युक्ती चांगली होती, हे मी मनातल्या मनात म्हटलं. तोंडानं ताईला म्हटलं, "ताई, तुमच्या भावाला विचारा, लोकांच्या पँटी मी आता बॉनेटवर कापू का?"

"ती विचारतेय, पँटी बॉनेटवर कापू का," ताई म्हणाली.

"तिला सांग, ओरखडे पडतील."

मी काम टाकून पायरीवर येऊन बसले. ह्यांनी हँडब्रेक ओढला होता, गाडी गिअरमध्ये टाकली होती, आणि मागच्या चाकांना अडण म्हणून काय लावावं? प्लॅस्टरचे दोन जबडे! मी उठले, घरातल्या दारांना लावायच्या लाकडी पाचरी आणल्या, जबडे उचलून बाजूला ठेवले आणि पाचरी चाकांमागे ठोकून बसवल्या. ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाचर मारण्यात ही पहिल्यापासून तयार आहे, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, त्या काही खोटं बोलत नव्हत्या.

दांड्यावर ताई होती. तिचा चेहरा काय फुलला होता! "माणसं वर नेली आयुष्यभर," ती म्हणाली, "ही काय चीज आहे? कितवा मजला?"

"ताई, मस्करी नको. जॅक मधल्या जाड लोखंडाखालीच आहे ना बघ, पत्र्याखाली गेला तर पत्रा आत जाईल. आता दांडा मार, हळू."

गाडीचं नाक वर गेलं. दोन्ही बाजूंना गाडीच्या काठावर एकेक छोटा बाण असतो, तिथेच खालून लोखंडी टेकू लावायचे असतात. टेकू ह्यांनी आणलेले होते, त्यांचं खोकं पण होतं. त्या खोक्यावर ह्यांनी चहाचा कप ठेवला होता. खोकं उघडलेलं नव्हतं. कप ठेवून हे दुसरा एक पुठ्ठा जमिनीवर अंथरून, पाठ टेकून, गाडीखाली सरकायला लागले.

गाडी नुसत्या जॅकवर उभी होती, आणि हे डोक्याकडून आत चालले होते. ओरडावं तर अबोला मोडतो. बरं, माझं ह्यांच्याशी शेवटचं बोलणं काय झालं होतं, तर गाडीखाली जाऊन संसार करा. मेली माझी जीभ! मी काय केलं, ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतून पेचकस उचलला आणि माझ्या टाचण्यांच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

"ताई, पेचकस दे," गाडीखालून आवाज आला.

ताईनं पेटी उलथीपालथी केली. "नाहीये."

"तिला विचार."

"ताई," मी म्हटलं, "त्यांना सांगा, टेकू लागले की पेचकस सापडेल. आणि म्हणावं, जॅक म्हणजे कच्चा टाका. कच्च्या टाक्यावर माप घेतात, कपडा घालून कुणी बाहेर पडत नाही."

ताईनं सगळं पोचवलं, टाक्यासकट. हे बाहेर आले, दातओठ खात. पण एकदा खोकं उघडल्यावर ह्यांच्यातला कवळीवाला जागा झाला. टेकूचं लोखंड गाडीच्या काठाला घासू नये म्हणून ह्यांनी काय करावं? आतून ते गुलाबी मिश्रण कालवून आणलं, ज्यात लोक तोंड उघडून चावतात ना, तेच. त्याच्यात गाडीच्या काठाचा ठसा घेतला, आणि ठशाबरहुकूम जाड रबराचे दोन तुकडे कोरून त्यांना खाचा पाडल्या. गाडीची कवळीच केली म्हणा ना! बराच वेळ गेला, पण खाच अशी बसली की काय बोलायचं. मला हसू यायला लागलं, म्हणून मी तोंड फिरवून कुंडीकडे बघत बसले.

"तिला सांग," हे म्हणाले, "टेकू लावले."

"लावले," ताई म्हणाली.

मी पेचकस दिला. ताईच्या हातात.

हे पुन्हा आत गेले. आता बाहेर नुसते गुडघ्यापासूनचे पाय, आणि एका मोज्याला अंगठ्याशी भोक. मोजा मी शिवून ठेवला असता, पण अबोल्यात मी मोजे शिवत नाही. एक स्क्रू बसला. दुसरा बसला. गाडीखाली पडल्यापडल्या ह्यांना जोर चढला.

"ताई, तिला विचार, हा राग किती दिवस चालणारे?"

"किती दिवस?" ताई म्हणाली. ती जॅकचा दांडा धरून उभी होती. दांडा मारला की गाडी वर, पिळला की खाली, हे तिला ह्यांनी शिकवून ठेवलं होतं.

"ताई, सांगा, गाडी जाईपर्यंत."

"तिला सांग, चित्र लावलं तेव्हापासून वाट बघतोय मी."

"त्यांना सांगा, तेव्हा चित्राशीच लग्न करायचं होतं!"

"तिला सांग, एकदा तरी नीट बसून बघ म्हणावं गाडीत. एकदाच."

"बसले होते की! रांगत आले बाहेर, सगळ्या दुकानासमोर! त्यांना काय, हसायला झालं." माझा आवाज चढला होता. "जाऊ दे. मला नाही बोलायचं ह्या विषयावर. ताई, सोडा!"

आणि ताईनं सोडलं.

दांडा पिळल्याचा आवाज झाला, मग फुस्स, आणि लगेच धाडकन. गाडीचं नाक खाली आलं आणि थांबलं. पाय हलायचे थांबले. आतून काही आवाज नाही.

"अहो!" मी ओरडले. "अहो! अहो, काय झालं? बोला ना! अहो!"

काही नाही. ताईनं दोन्ही हात तोंडावर घेतले होते. मी पायरीवरून तिथे कशी पोचले मला आठवत नाही. माझे गुडघे सिमेंटवर आपटले होते, एवढं दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्या भोकाच्या मोज्याचा पाय धरला आणि हलवला.

"अहो, ऐकू येतंय का? मी बोलतेय!"

आणि खालून, अगदी बारीक आवाजात, उत्तर आलं.

"ताई... तिला सांग... मी बरा आहे."

मी सांगते, त्या क्षणी त्या गाडीचं वजन मी एकटीनं उचललं असतं आणि ह्यांच्या डोक्यावर टाकलं असतं. दोन्ही पाय धरून मी ह्यांना पुठ्ठ्यासकट बाहेर ओढलं. नाकाच्या शेंड्याला काळं लागलं होतं. ते लोंबणारं आवरण येऊन नाकाला टेकलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. बाकी ओरखडासुद्धा नाही. पण हात! ज्या हातांनी दाढेची खाच कोरताना कधी केसाएवढी चूक केली नाही, ते दोन्ही हात लटलट कापत होते. ती एक चेष्टा तेवढी जमली, त्यानंतर ह्यांची दातखीळच बसली.

"सोडा म्हणालीस ना तू," ताई रडवेली झाली होती. "माझ्याकडे बघून म्हणालीस. ताई, सोडा. हा मला कधी सोडा म्हणत नाही, तूच म्हणतेस. मी सोडलं."

तिचं काय चुकलं? मी तिला अहोजाहो करते. 'विषय सोडा' मधला विषय मी खाल्ला. तिच्या हातात दांडा होता, तिनं दांडा सोडला. आयुष्यभर लोकांनी सांगितलं तिथे नेऊन सोडणारी बाई ती.

पण मला कळेना, टेकू लावलेले असताना गाडी खाली आलीच कशी? मी वाकून बघितलं. आता ती टेकूंवर नीट बसलेली होती, रबराच्या खाचांत.

"टेकू लावले होते ना?" मी विचारलं. सरळ ह्यांनाच. अबोला केव्हाच गेला होता खड्ड्यात.

हे जमिनीकडे बघत होते. "लावले होते," ते म्हणाले. "टेकवली नव्हती. जॅक उतरवून गाडी त्यांच्यावर बसवायची राहिली होती. म्हटलं, फट काय, बोटभर तर आहे. होतंय."

बोटभर! खिडकीची बोटभर, गाडीची बोटभर! मी जी सुरू झाले ती शेजारची दारं उघडेपर्यंत थांबले नाही. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मांजरसुद्धा भिंतीवरून उतरून गेलं. आणि बोलता बोलता मला रडू आलं. आलं म्हणजे आलं, मी काही लपवलं नाही. पेचकस लपवला नसता तर टेकू खोक्यातच राहिले असते, आणि खोक्यावर चहाचा कप. मी ह्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि पदरानं नाकाचं काळं पुसत बसले. ते सगळ्या तोंडाला लागलं.

"तू हरलीस," हे हळूच म्हणाले.

"हो, हरले. गप्प बसा."

मग राहिलेलं काम केलं. आधी जॅकनं गाडी उचलली, टेकू बघितले, जॅक सावकाश उतरवला आणि गाडी टेकूंवर पुरती बसू दिली. हे सगळं ह्यांनी स्वतः केलं, ताई दांड्याजवळ यायला तयार नव्हती. मग तिघांनी मिळून गाडीला बाजूंनी चांगलं हलवून बघितलं, ढिम्म हलली नाही, तेव्हाच मी ह्यांना आत जाऊ दिलं. जॅक पण तिथेच ठेवला, लोखंडाला नुसता टेकवून, जास्तीचा आधार म्हणून. आणि शेवटचा स्क्रू बसेपर्यंत मी ह्यांच्या पायाचा अंगठा धरून बसले होते, तोच, भोकातला.

"गुदगुल्या होतायत," खालून आवाज आला.

"होऊ देत. म्हणजे जिवंत आहात हे कळतं."

हरलेल्यानं एक गोष्ट ऐकायची असते. मला वाटलं, आता हे म्हणणार, गाडीचं नाव काढायचं नाही. पण ह्यांनी मागितलं ते एवढंच, की संध्याकाळी माझ्याबरोबर एक चक्कर मार. मी तोंड वाकडं करून बसले. गतिरोधक आला तेव्हा हे इतके सावकाश आणि तिरके गेले की मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली. पुढे रस्ता मोकळा होता. गाडी जमिनीला लागून पळत होती आणि ह्यांचं तोंड असं झालं होतं, की नव्या कवळीत पहिल्यांदा हसणाऱ्या म्हाताऱ्याचं होतं तसं. मला गाडी अजिबात आवडली नाही. चक्कर मात्र आवडली, पण ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

घरी आलो. फाटकाजवळ गाडी थांबली. माझे पाय बाहेर आले, मी नाही आले. पायरीवर ताई बसली होती, भिंतीवर मांजर, आणि सकाळच्या आरड्याओरड्यानं शहाणी झालेली शेजारीण खिडकीत. हे फिरून माझ्या बाजूला आले, वाकले आणि माझे दोन्ही हात धरले.

"लोक बघतायत," मी म्हटलं. "उठते माझी मी. सोडा हो!"

ह्यांनी काही सोडलं नाही.